एजंट सारखा चुकीचं टूल उचलतोय? डिस्क्रिप्शन कसं तपासायचं आणि कसं दुरुस्त करायचं

लक्षण ओळखीचं असेल. एआय एजंट (प्रश्न वाचून लागेल ते काम स्वतः उरकणारं भाषा-मॉडेल) बांधला, त्याला टूल्स, म्हणजे तो बोलावू शकेल अशी फंक्शन्स, जोडली, डेमोला सगळं झकास चाललं, आणि खरे लोक वापरायला लागल्यावर तो मधेच भलतंच टूल उचलायला लागला, किंवा टूल बरोबर पण आत भरलेली माहिती चुकीची, किंवा टूलला हातच न लावता स्वतःच्या मनाने काहीतरी ठोकून दिलं. मग कुणीतरी सिस्टम प्रॉम्प्टमध्ये (मॉडेलला आधीच दिलेल्या कायमच्या सूचनांमध्ये) एक ओळ वाढवतं, "भाव विचारला तर नेहमी भावाचंच टूल वापर". थोडे दिवस बरं चालतं, मग दुसऱ्याच प्रश्नावर तीच गडबड, मग अजून एक ओळ, असं करत करत प्रॉम्प्टचं गाठोडं होतं आणि कुठली ओळ कशासाठी टाकली होती हे कुणालाच आठवत नाही. काहीजण महागडं मॉडेल लावून बघतात. थोडा फरक पडतोही, पण दुखणं जात नाही.

माझा अनुभव असा आहे की या तक्रारीत बहुतेक वेळा दुखणं टूलच्या डिस्क्रिप्शनमध्येच, म्हणजे ते टूल काय करतं हे मॉडेलला सांगणाऱ्या मजकुरातच असतं, आणि तिथे हात घातल्याशिवाय बाकीचे उपाय टिकत नाहीत. कारण सरळ आहे, मॉडेलला तुमचा कोड दिसत नाही. फंक्शनच्या आत तुम्ही कितीही व्यवस्थित तपासण्या लिहा, कमेंट्स लिहा, त्याच्यापर्यंत पोचतं ते फक्त टूलचं नाव, डिस्क्रिप्शन आणि पॅरामीटर्सचा, म्हणजे टूलला भरून द्यायच्या माहितीचा, जेसन स्कीमा (कुठलं फील्ड कुठल्या प्रकारचं याचा आराखडा). जून २०२३ मध्ये ओपनएआयने फंक्शन कॉलिंग आणलं तेव्हा हेच होतं, नोव्हेंबर २०२४ मध्ये अँथ्रॉपिकने (क्लॉड हे मॉडेल बनवणारी कंपनी) एमसीपी ही मॉडेलला बाहेरची टूल्स जोडायची सामाईक पद्धत जाहीर केली त्यातही टूलची मूळ ओळख म्हणजे हेच तीन. एवढ्यावरून त्याला ठरवायचं असतं की हे उचलायचं का ते, आणि तेही वापरणाऱ्याच्या अर्धवट मराठी वाक्यावरून.

उदाहरण धरून सांगतो नाहीतर हे सगळं हवेतलं वाटेल. शेतकऱ्यांना व्हॉट्सअ‍ॅपवर बाजारभाव सांगणारा एक एजंट माझ्याकडे दुरुस्तीला आला होता. शेतकरी विचारणार "आज लासलगावला कांदा काय चाललाय", आणि एजंट बाजार समित्यांच्या रोजच्या नोंदींमधून उत्तर देणार. टूल्स मोजकीच: भाव आणणारं, आवक आणणारं, बाजार समिती शोधणारं, हवामानाचं, आणि भाव अमुक आकड्यावर गेला की एसएमएस जाईल अशी नोंद करणारं. तक्रारी अशा की भाव विचारला तर आवक सांगतो, पुणे विचारलं तर मोशीचा भाव देतो, कांदा १८०० रुपये किलो म्हणतो, आणि बाजार बंद असेल त्या दिवशी भाव शून्य आहे म्हणून मोकळा होतो. आता भावाच्या टूलचं नाव होतं गेट_मार्केट_डेटा आणि डिस्क्रिप्शन "बाजाराचा डेटा आणतं", आवकेच्या टूलचं नाव गेट_मंडी_इन्फो आणि डिस्क्रिप्शन "मंडीची माहिती देतं". (ही नावं प्रत्यक्षात रोमन अक्षरांत असतात, ओपनएआयसारख्या एपीआयला नावात रोमन अक्षरं, आकडे, अंडरस्कोर आणि डॅश एवढंच चालतं, इथे वाचायला सोपं जावं म्हणून देवनागरीत लिहितोय.) ही दोन वाक्यं घेऊन तुम्ही एखाद्या नव्या माणसाला बसवा आणि विचारा की भावासाठी कुठलं, तो पण अंदाजच बांधेल.

आधी बघा, डिस्क्रिप्शन पोचतंय तरी का

ही पायरी लोक हमखास सोडतात आणि नंतर फार वेळ वाया जातो. डिस्क्रिप्शन सुधारायला बसायच्या आधी मॉडेलकडे जाणारी कच्ची रिक्वेस्ट छापून बघा, म्हणजे एजंट बांधायला वापरलेल्या फ्रेमवर्कने जे शेवटी तयार केलं ते, तुमच्या फाइलमध्ये काय लिहिलंय ते नाही.

पायथॉनमध्ये बरीच फ्रेमवर्क्स फंक्शनच्या डॉकस्ट्रिंगमधून (फंक्शनच्या सुरुवातीला लिहिलेल्या वर्णनातून) डिस्क्रिप्शन उचलतात. आता त्या फंक्शनवर तुम्ही लॉगिंगसाठी किंवा रीट्रायसाठी स्वतःचा डेकोरेटर (फंक्शनवरचं वेष्टण) चढवला असेल आणि त्यात मूळ फंक्शनची ओळख जपणारं फंकटूल्सचं रॅप्स लावलं नसेल, तर डॉकस्ट्रिंग गळून जाते आणि पॅरामीटर्सच्या जागी नुसतं आर्ग्ज, क्वार्ग्ज दिसतं. मॉडेलला काय भरायचं हे कळणारच कसं? दुसरी जागा म्हणजे डॉकस्ट्रिंगमधला पॅरामीटर्सचा भाग. लँगचेन या फ्रेमवर्कच्या टूल डेकोरेटरला पार्स_डॉकस्ट्रिंग चालू कर असं सांगितलं नाही तर ती माहिती प्रत्येक पॅरामीटरच्या नावासमोर न जाता सगळी एका ढिगात वरच्या डिस्क्रिप्शनमध्ये राहते. चालतं तसंही, पण स्कीमात पॅरामीटरच्या शेजारी लिहिलेलं जास्त नीट पाळलं जातं असं मला वारंवार दिसलंय.

एमसीपी वापरत असाल तर अजून एक. सर्व्हरवर (टूल्स पुरवणारी बाजू) डिस्क्रिप्शन बदललं तरी क्लायंटने (टूल्स वापरणारी बाजू) सुरुवातीला मागवलेली टूल्सची यादीच तो वापरत बसतो, सर्व्हरने यादी बदलल्याची सूचना पाठवली आणि क्लायंटने ती ऐकली तरच नवी येते, म्हणून बदल केला की क्लायंट बंद करून परत चालू करा आणि एमसीपी इन्स्पेक्टर या तपासणीच्या साधनात उघडून नवा मजकूर खरंच येतोय का ते डोळ्यांनी बघा. "एवढं लिहूनही ऐकत नाही" म्हणणाऱ्या लोकांपैकी काहींचं जुनंच डिस्क्रिप्शन जात असतं.

चूक कुठल्या जातीची आहे ते लॉगमधून ठरवा

"एजंट चुकतो" एवढ्यावर काहीही दुरुस्त होत नाही. लॉगमधून, म्हणजे एजंटने काय काय केलं त्याच्या नोंदींमधून, चुकलेली संभाषणं काढा आणि प्रत्येकाच्या पुढे लिहा: टूल चुकलं, टूल बरोबर पण भरलेलं चुकलं, टूल आणि भरलेलं दोन्ही बरोबर पण आलेल्या उत्तराचा अर्थ चुकीचा लावला, टूल वापरलंच नाही, किंवा नको तिथे वापरलं. या प्रत्येकाची दुरुस्ती वेगळ्या जागी असते. कांदा १८०० रुपये किलो ही तक्रार आली तेव्हा टीममधले सगळे म्हणत होते की चुकीचं टूल बोलावलं असणार. लॉग उघडला तर टूल बरोबर, बाजार समिती बरोबर, तारीख बरोबर, आकडाही बरोबर, फक्त तो आकडा क्विंटलचा आहे हे मॉडेलला कुणी सांगितलंच नव्हतं.

भलतंच टूल उचलतोय

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या, कारण सगळ्यात जास्त त्रास इथेच आहे.

टूल एकटं कधीच निवडलं जात नाही, ते शेजारच्या टूल्सच्या तुलनेत निवडलं जातं. त्यामुळे एकेक डिस्क्रिप्शन सुटं वाचून "चांगलं लिहिलंय की" असं म्हणण्यात अर्थ नाही, सगळी डिस्क्रिप्शन्स एका पानावर एकाखाली एक लावा आणि वापरणाऱ्याचा प्रश्न हातात घेऊन बघा की कितींना तो लागू पडतो. दोन टूल्सना लागू पडला तर तिथे सीमा आखलेली नाही. आणि सीमा आखायची म्हणजे दोन्ही बाजूंनी लिहायचं, हे टूल कधी वापरायचं, कधी नाही वापरायचं, आणि नाही तर मग कुठलं वापरायचं ते नाव घेऊन. "कधी नाही" हा भाग जवळजवळ कुणीच लिहीत नाही आणि माझ्या मते सगळ्यात जास्त काम तोच करतो.

भावाच्या टूलचं नाव आम्ही गेट_प्राइस केलं, आवकेचं गेट_अरायव्हल्स, आणि भावाचं डिस्क्रिप्शन असं झालं (इथे वाचायला सोपं जावं म्हणून सगळं मराठीत देतोय):

"एका बाजार समितीतल्या एका शेतमालाचे एका दिवसाचे भाव देतं: कमीत कमी दर, जास्तीत जास्त दर आणि सर्वसाधारण दर. वापरकर्ता भाव, दर, रेट, काय चाललंय, किती गेला, असं विचारतो तेव्हा हे वापर. माल किती आला, आवक किती, गाड्या किती लागल्या यासाठी हे नाही, त्यासाठी गेट_अरायव्हल्स आहे. पुढचा भाव किंवा अंदाज यात नाही. तसं विचारलं तर कुठलंच टूल न वापरता अंदाज देता येत नाही असं सांग. बाजार समितीचा कोड लागतो; माहीत नसेल तर आधी सर्च_मार्केट वापर. तारीख दिली नाही तर शेवटच्या उपलब्ध दिवसाचे भाव येतात, तो दिवस आजचाच असेल असं नाही, म्हणून उत्तरात प्राइस_डेट मधली तारीख सांग. दर कशावर आहे ते युनिट या फील्डमध्ये येतं, क्विंटल गृहीत धरू नको."

लांब वाटतंय, माहीत आहे. अँथ्रॉपिकच्या कागदपत्रांत प्रत्येक टूलला किमान तीन-चार वाक्यं लिहा असा सल्ला आहे, आणि गुंतागुंतीचं टूल असेल तर त्याहून जास्त. डिस्क्रिप्शन दर रिक्वेस्टबरोबर जातं म्हणजे टोकनचा (मजकुराचे तुकडे, ज्यांवर बिल होतं) खर्च होतो हे खरंच, पण चुकलेलं टूल बोलावून, परत दुरुस्त करून, परत बोलावून जो खर्च होतो तो कुठे धरायचा? शिवाय समोरचा माणूस त्या भावावर गाडी भरायची का नाही ते ठरवतोय.

त्या डिस्क्रिप्शनमधले "काय चाललंय", "किती गेला" हे शब्द आमच्या डोक्यातून आलेले नाहीत, लॉगमधून उचललेत. ऑफिसात बसलेला माणूस "बाजारभाव प्राप्त करा" असं लिहितो, शेतकरी म्हणतो "उन्हाळ कितीला फुटला आज" (उन्हाळ म्हणजे उन्हाळी कांदा). दोन्हींमध्ये मॉडेलला पूल बांधावा लागतो, तो तुम्ही बांधून दिलात तर बरं. भाषेचा प्रश्न इथे येतोच, डिस्क्रिप्शन इंग्रजीत का मराठीत? देवनागरीला टोकन जास्त लागतात, त्यामुळे मी नियम, सीमा, पॅरामीटर्स हे सगळं इंग्रजीत ठेवतो आणि वापरणारा जे शब्द बोलतो तेवढे देवनागरीत तसेच आत टाकतो, कांदा, उन्हाळ, लाल, आवक, भाव. मिश्र मजकुराने मॉडेल गोंधळेल अशी भीती होती लोकांना, तसं काही झालेलं दिसलं नाही.

दोन टूल्समध्ये सीमा आखताच येत नसेल, म्हणजे लिहिताना तुम्हालाच अडखळायला होत असेल, तर ती दोन टूल्स असायला नकोत. एक करा आणि आत एक पॅरामीटर द्या. उलट एकाच टूलमध्ये पाच कामं आणि कुठल्या कामाला कुठले पॅरामीटर लागतात याची वेगळी कोष्टकं असतील तर ते तोडा. संख्येबद्दल ओपनएआयने एका वेळी २० पेक्षा कमी फंक्शन्स ठेवा असं सुचवलंय, सक्ती नाही, पण तीन-चार एमसीपी सर्व्हर एकदम जोडले की तो आकडा सहज ओलांडला जातो आणि प्रत्येकाचं आपलं एक सर्च नावाचं टूल असतं. तिथे नावापुढे सर्व्हरचं किंवा विषयाचं उपपद लावा, मार्केट_सर्च, वेदर_सर्च, आणि या एजंटला जी टूल्स लागतच नाहीत ती जोडूच नका.

टूल बरोबर, भरलेली माहिती चुकीची

इथे वाक्यं वाढवण्याआधी पॅरामीटरचा आकार बदलता येतो का बघा. डिसेंबर २०२४ मध्ये अँथ्रॉपिकने एजंट बांधण्याबद्दल जे लिहिलं त्यात त्यांच्या कोडिंग एजंटची गोष्ट आहे, तो मूळ फोल्डरमधून बाहेर गेला की फाइलचा रिलेटिव्ह पाथ चुकवायचा. त्यांनी टूलच असं केलं की कायम पूर्ण, अ‍ॅब्सोल्यूट पाथच द्यावा लागेल, आणि ती चूक बंद झाली. तिथेच त्यांनी लिहिलंय की एकूण प्रॉम्प्टपेक्षा टूल्स सुधारण्यात जास्त वेळ गेला.

आमच्याकडे तसंच बाजार समितीच्या नावाचं झालं. पॅरामीटर होता मार्केट, प्रकार स्ट्रिंग (मोकळा मजकूर), बस. आता राज्याच्या नोंदींमध्ये पुणे वेगळं, पुणे-पिंपरी वेगळं, पुणे-मोशी वेगळं, पुणे-खडकी, पुणे-मांजरी वेगळं. लासलगाव, लासलगाव-निफाड, लासलगाव-विंचूर या तीन नोंदी. त्यात जिल्ह्यांची नावं बदललेली, औरंगाबाद आणि उस्मानाबादची २०२३ मध्ये छत्रपती संभाजीनगर आणि धाराशिव झाली, अहमदनगरचं २०२४ मध्ये अहिल्यानगर झालं, लोक जुनं पण बोलतात नवं पण बोलतात, आणि जुन्या तारखांच्या नोंदीत जुनंच नाव असणार. हे सगळं मॉडेलने एका स्ट्रिंगमध्ये ओळखून बरोबर स्पेलिंगने भरावं ही अपेक्षाच चूक आहे. म्हणून मार्केट काढून मार्केट_कोड ठेवलं, आणि कोड मिळवायचा एकच रस्ता म्हणजे सर्च_मार्केट, ज्याला जुनी-नवी दोन्ही नावं कळतात आणि एकापेक्षा जास्त जुळली तर तो सगळी परत देतो. त्याच्या डिस्क्रिप्शनमध्ये एक वाक्य, "एकापेक्षा जास्त बाजार समित्या आल्या तर स्वतः निवडू नको, वापरकर्त्याला विचार". पुणे-मोशीची तक्रार तिथेच संपली.

पर्याय ठरलेले आणि थोडे असतील तर एनम (चालणाऱ्या पर्यायांची यादी) द्या, मोकळी स्ट्रिंग ठेवू नका. पॅरामीटरची नावं पण बोलकी हवीत, युजर ऐवजी युजर_आयडी, डेट ऐवजी प्राइस_डेट, लिमिट ऐवजी अलर्ट_प्राइस. तारखेचं रूप लिहून द्या, वर्ष आधी मग महिना मग दिवस, नाहीतर ०५/०४ म्हणजे पाच एप्रिल का चार मे हा घोळ कायमचा. आजची तारीख मॉडेलला आपोआप माहीत नसते हे लक्षात ठेवून ती सिस्टम प्रॉम्प्टमध्ये रोज ताजी द्या. आणि "परवाचा भाव" म्हणजे इथे मागचाच परवा हे एका ओळीत लिहून टाका, पुढचा भाव कुणाकडेच नसतो तरी मॉडेल कधीकधी पुढची तारीख भरून मोकळं होतं. आकड्यांचं तसंच, "साडेअठराशेच्या वर गेला की कळवा" यावर अलर्ट_प्राइसमध्ये १८५० पूर्ण आकड्यात जायला हवं, तसं उदाहरण पॅरामीटरच्या डिस्क्रिप्शनमध्ये असू द्या.

उदाहरणांबद्दल मात्र सावध. एकच उदाहरण दिलं, समजा लासलगाव आणि कांदा, तर मॉडेलला जिथे नक्की कळत नाही तिथे ते लासलगाव आणि कांदाच भरायला लागतं. दोन-तीन वेगवेगळी द्या, सोलापूरची तूर, नागपूरची संत्री, लातूरचं सोयाबीन. आणि वापरकर्त्याने सांगितलंच नसेल तर काय करायचं, विचारायचं का रिकामं सोडायचं, हे प्रत्येक ऐच्छिक पॅरामीटरला लिहा. ओपनएआयचा स्ट्रिक्ट मोड (स्कीमा काटेकोर पाळायला लावणारा) वापरत असाल तर त्यात सगळी फील्ड्स आवश्यक ठरवावी लागतात, तेव्हा ऐच्छिक फील्डला नल (रिकामं) चालेल असं प्रकारात सांगून नलचा अर्थ काय तेही लिहा.

उत्तर बरोबर आलं, अर्थ चुकीचा लावला

आता तो १८०० रुपये किलो. पहिली सुचणारी दुरुस्ती म्हणजे डिस्क्रिप्शनमध्ये "सगळे दर प्रतिक्विंटल आहेत" असं लिहायचं, टीमने तसं सुचवलंही होतं. कांद्यापुरतं ते बरोबर आहे. पण रोजच्या नोंदींचा तक्ता ज्याने बघितलाय त्याला माहीत असेल की त्यात परिमाण नावाचा एक रकाना असतो, आणि कोथिंबीर, मेथी, शेपू अशा पालेभाज्यांचं परिमाण काही बाजारांत नग असतं आणि काही बाजारांत क्विंटल. म्हणजे तो सरसकट नियम लिहिला असता तर कांदा सुधारला असता आणि कोथिंबिरीची जुडी क्विंटलच्या भावात गेली असती. म्हणून युनिट प्रत्येक ओळीबरोबर परत द्यायचं आणि डिस्क्रिप्शनमध्ये ते वाचायला सांगायचं. डिस्क्रिप्शन लिहिणाऱ्याने मूळ डेटा उघडून वाचलेला असला पाहिजे, याच्यावर माझा फार जोर आहे, नुसता एपीआयचा कागद बघून लिहिलेलं डिस्क्रिप्शन असंच कुठेतरी फसतं.

परत येणाऱ्या फील्ड्सची नावं हा सुद्धा डिस्क्रिप्शनचाच भाग समजा. मिन, मॅक्स, मोडल अशी नावं आली की मॉडेल बहुतेक वेळा बरोबर वाचतं, पण शेतकऱ्याला "मोडल प्राइस" सांगून काय उपयोग. तक्त्यात त्याला सर्वसाधारण दर म्हणतात, तोच शब्द वापरायला सांगा. आणि जास्तीत जास्त दर हा एखाद्या चांगल्या लॉटचाही असू शकतो, त्यामुळे "भाव काय" या प्रश्नाला आधी सर्वसाधारण दर द्यायचा आणि मग पल्ला, हे पण लिहिलेलं हवं. ऐंशी फील्ड्सचा ढीग परत पाठवू नका, लागतात तेवढीच पाठवा.

रिकामं उत्तर आणि एरर

"भाव शून्य आहे" हे उत्तर रिकाम्या यादीतून आलं होतं. टूलने दोन चौकटी कंस परत दिले, मॉडेलने त्याचा अर्थ लावला. रविवार, सण, व्यापाऱ्यांचा बंद, कितीतरी कारणांनी नोंद नसते. ऑगस्ट २०२३ मध्ये केंद्राने कांद्यावर ४० टक्के निर्यातशुल्क लावलं तेव्हा नाशिक जिल्ह्यातले कांद्याचे लिलाव काही दिवस बंद होते, त्या तारखा विचारल्या की हा एजंट हमखास शून्य सांगायचा. भाव पडलाय का लिलावच झाला नाही, शेतकऱ्याच्या दृष्टीने यात केवढा फरक आहे. रिकाम्या यादीऐवजी टूलने वाक्य परत द्यावं: "या तारखेला या बाजार समितीत या मालाची नोंद नाही. याचा अर्थ भाव शून्य असा नाही. शेवटची नोंद अमुक तारखेची आहे, हवी असेल तर ती तारीख देऊन परत बोलाव."

एररचं अगदी तसंच. "एरर ४००" परत गेलं की मॉडेल तेच परत, थोडं बदलून, परत, असं करत बसतं. त्या ऐवजी "मार्केट_कोड ओळखीचा नाही, आधी सर्च_मार्केटने कोड घे" असं गेलं की पुढच्याच फेरीत सुधारतं. एमसीपीमध्ये निकालाबरोबर इझएरर ही खूण लावून असा मजकूर पाठवता येतो, अँथ्रॉपिकच्या एपीआयमध्ये टूल रिझल्टला इझ_एरर आहे, वापरा.

नको तिथे टूल वापरतोय

"नमस्कार" म्हटलं तरी हवामान आणतो, असली तक्रार आली की डिस्क्रिप्शनमध्ये "नेहमी", "सक्तीने", "प्रत्येक वेळी" असे शब्द शोधा. आधीचं एखादं मॉडेल ऐकत नव्हतं म्हणून कुणीतरी ते मोठ्या अक्षरांत लिहिलेले असतात. काढा आणि त्याजागी साधी अट लिहा. रिक्वेस्टमधल्या टूल_चॉइस या सेटिंगमध्ये सक्ती लावून ठेवलेली नाही ना हेही बघा, तिथे रिक्वायर्ड किंवा एनी असेल तर डिस्क्रिप्शन कितीही चांगलं असून तो काहीतरी बोलावणारच.

याच्या जवळचंच एक. २०२५ मध्ये क्लॉडच्या वेब सर्चबद्दल अँथ्रॉपिकने सांगितलं होतं की मॉडेल शोधाच्या शब्दांना उगाचच २०२५ जोडायचं आणि निकाल बिघडायचे, तेही डिस्क्रिप्शन सुधारूनच वळणावर आणलं.

एसएमएस पाठवणारं, पैसे कापणारं, खोडणारं टूल

अशा टूलच्या डिस्क्रिप्शनमध्ये परिणाम स्पष्ट लिहा: "या क्रमांकावर एसएमएस जाईल, परत घेता येत नाही, आकडा आणि बाजार समिती वापरकर्त्याकडून पक्की केल्यावरच बोलाव." एमसीपीमध्ये डिस्ट्रक्टिव्हहिंटसारख्या (टूल काही खोडू-मोडू शकतं हे सांगणाऱ्या) खुणा २०२५ पासून आहेत, लावा, पण नावाप्रमाणे त्या फक्त सूचना आहेत. खरी अडवणूक कोडमध्येच हवी, मंजुरी नसेल तर टूलने नकार द्यावा. आणि बाहेरच्या कुणाचा एमसीपी सर्व्हर जोडत असाल तर त्याची डिस्क्रिप्शन्स आधी स्वतः शब्द न् शब्द वाचा, त्यात लपवून घातलेल्या सूचना सुद्धा मॉडेल तुमच्याच समजून पाळू शकतं.

सुधारलं का, हे कसं कळणार

एक प्रश्न विचारून बरोबर आलं म्हणून खूश होऊ नका, तोच प्रश्न परत विचारला तर दुसरं येऊ शकतं. लॉगमधले तीस-चाळीस खरे प्रश्न काढा, शुद्धलेखन न सुधारता, जसेच्या तसे, "कांदा भाव लसलगाव" असं असेल तर असंच. प्रत्येकाच्या पुढे अपेक्षित टूल आणि अपेक्षित पॅरामीटर्स लिहा. त्यात सीमेवरचे प्रश्न मुद्दाम घ्या ("माल जास्त आला म्हणून पडला का?" यात भाव आणि आवक दोन्ही लागतात), आणि कुठलंच टूल लागत नाही असेही घ्या ("धन्यवाद दादा", "पुढच्या महिन्यात काय राहील?"). प्रत्येक प्रश्न अनेकदा चालवा, किती वेळा बरोबर आला ते लिहून ठेवा, मग एकच डिस्क्रिप्शन बदला आणि परत चालवा. दोन-तीन एकदम बदललीत तर कशाने काय झालं ते कळत नाही, आणि एकाचं सुधारताना शेजारचं बिघडतं हे तर फार वेळा होतं, कारण सीमा सरकलेली असते.

नवं टूल जोडलं की जुन्या टूल्सचे प्रश्न परत चालवायचेच. टूलचं नाव बदललं तर बाकीच्या डिस्क्रिप्शन्समध्ये त्याचा जुन्या नावाने उल्लेख राहिलाय का ते शोधा, नाहीतर मॉडेल अस्तित्वातच नसलेलं टूल बोलवायला बघतं. मॉडेलची आवृत्ती बदलली तरी तेच, जुन्या मॉडेलला वळणावर आणण्यासाठी लिहिलेली वाक्यं नव्याला जास्त होतात, तेव्हा आधी वाक्यं काढून बघा, आणि मगच नवी घाला.